व्हेसलमध्ये दाब चढवताना आणि उतरवताना वायूचा प्रवाह किती धरायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळोजा, लोटे, कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतींत रिअ‍ॅक्टर आणि टाक्यांवर (म्हणजे व्हेसलवर) नायट्रोजनचा दाब चढवणे-उतरवणे हे रोजचे काम आहे. खालची आकडेमोड मुद्दाम एकाच उदाहरणावर केली आहे: १० घनमीटरचा रिकामा रिअ‍ॅक्टर, नायट्रोजन, तापमान २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन, आणि हेडरचा (नायट्रोजन पुरवणाऱ्या मुख्य पाइपचा) दाब ७ बार गेज, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या वर ७ बार. आपल्या व्हेसलचे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करता येतो.

६ बार गेजपर्यंत दाब चढवायला एकूण किती नायट्रोजन लागेल?

हा या सगळ्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत खात्रीचा भाग आहे. आकारमान गुणिले दाबातला फरक: १० घनमीटर × ६ बार = ६० घनमीटर, तेही १ बार दाबाला आणि व्हेसलच्याच तापमानाला. किलोमध्ये हवे असेल तर दाबातला फरक पास्कलमध्ये घ्या, त्याला घनमीटरने गुणा आणि (२९६.८ × केल्विन) ने भागा. २९६.८ हा नायट्रोजनचा वायू-स्थिरांक आहे. ६,००,००० × १० ÷ (२९६.८ × ३००) = ६७.४ किलो. शून्य अंश आणि १ वातावरण दाबाला नायट्रोजनचे वजन घनमीटरला १.२५ किलो भरते, म्हणून हेच सुमारे ५४ नॉर्मल घनमीटर होतात.

२० बारपर्यंत नायट्रोजनसाठी आदर्श वायूचे समीकरण बिनधास्त वापरावे. मिथेनला ७० बारच्या आसपास संपीड्यता गुणांक (आदर्श वायूपासूनचा फरक दाखवणारा आकडा) साधारण ०.८८ होतो, तेव्हा तो धरावाच लागतो. जास्त दाबाच्या कार्बन डायऑक्साइडसाठी तर आदर्श वायूचा हिशोब वापरूच नये.

गेज दाब वापरायचा की निरपेक्ष?

फरक काढताना दोन्ही चालतात. प्रवाह काढताना फक्त निरपेक्ष दाब, म्हणजे गेज दाब अधिक वातावरणाचा सुमारे १ बार, चालतो. ७ बार गेजचा हेडर म्हणजे ८ बार निरपेक्ष. सूत्रात ७ घातले की प्रवाह एका झटक्यात १२ टक्क्यांनी चुकतो, आणि कमी दाबाला ही चूक अजून मोठी होते: १ बार गेजला तर थेट निम्म्याची. पुण्याच्या उंचीवर वातावरणाचा दाब ०.९५ बारच्या जवळ असतो. ६ बारच्या कामात तो फरक दुर्लक्षण्यासारखा आहे, पण मिलिबारमध्ये चालणाऱ्या ब्लँकेटिंगसाठी (द्रवावर नायट्रोजनचे आवरण राखण्यासाठी) नाही.

३० मिनिटांत भरायचे आहे. ६७.४ किलोला अर्ध्या तासाने भागले की झाले ना?

सरासरी मिळते: ताशी १३५ किलो. भरण्याच्या बाबतीत ही सरासरी बऱ्यापैकी खरी ठरते, आणि त्यामागे कारण आहे. व्हेसलमधला दाब हेडरच्या निरपेक्ष दाबाच्या ०.५३ पटीपेक्षा कमी असेतोवर व्हॉल्व्हच्या अरुंद जागी वायूचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो आणि प्रवाह चोक होतो. व्हेसलमध्ये १ बार असो की ४ बार, प्रवाह तेवढाच राहतो. आपल्या उदाहरणात ही मर्यादा ४.२ बार निरपेक्ष. त्यानंतर प्रवाह हळूहळू घटतो आणि व्हेसल ७ बार निरपेक्षला पोचताना सुरुवातीच्या साधारण ६८ टक्के उरतो.

सगळे जमेस धरले तर ३० मिनिटांत काम संपवायला सुरुवातीचा प्रवाह ताशी १४३ किलो हवा. सरासरीपेक्षा जेमतेम ६ टक्के जास्त.

०.५३ हे गुणोत्तर नायट्रोजन, हवा, हायड्रोजन अशा द्विअणू वायूंचे आहे. ज्यांच्या विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १.३ च्या आसपास आहे त्यांना ०.५५ धरा.

त्यासाठी ओरिफिस (प्रवाह बांधून ठेवणारे ठरावीक व्यासाचे भोक) किंवा व्हॉल्व्ह केवढा लागेल?

लक्षात ठेवण्याजोगा एकच आकडा: चोक प्रवाहात, ३०० केल्विनला, १ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळातून वरच्या बाजूच्या प्रत्येक निरपेक्ष बारमागे ताशी ०.८३ किलो नायट्रोजन जातो. हा आदर्श आकडा. ओरिफिसच्या धारेनुसार त्याला विसर्ग गुणांकाने (प्रत्यक्ष आणि आदर्श प्रवाहाच्या गुणोत्तराने) गुणावे लागते. इथे ०.८ धरला आहे.

म्हणजे ८ बार निरपेक्षला प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे ताशी ५.३ किलो. १४३ ला ५.३ ने भागले की २७ चौरस मिलिमीटर, म्हणजे व्यास ५.९. ड्रिल ६ मिलिमीटरचा घ्या. त्याने ताशी १५० किलोच्या आसपास प्रवाह मिळेल आणि काम २८-२९ मिनिटांत उरकेल.

व्हॉल्व्ह निवडायचा असेल तर सीव्ही (व्हॉल्व्हची प्रवाहक्षमता सांगणारा आकडा) १ असलेला व्हॉल्व्ह चोक स्थितीत प्रत्येक निरपेक्ष बारमागे ताशी साधारण ११ ते १२ नॉर्मल घनमीटर नायट्रोजन सोडतो. आपल्याला ११४ नॉर्मल घनमीटर हवेत, म्हणून सीव्ही १.२ ते १.३. बॉल व्हॉल्व्ह आणि ग्लोब व्हॉल्व्ह यांचा चोक होण्याचा बिंदू वेगवेगळा असतो. शेवटची निवड उत्पादकाच्या तक्त्यावरूनच करा.

शेवटचा बार चढायला इतका वेळ का लागतो?

कारण हेडर आणि व्हेसल यांच्यातला फरकच उरत नाही. वरच्याच ओरिफिसने ७ बार निरपेक्षपर्यंत पोचायला ३० मिनिटे लागत असतील, तर ८ बारपर्यंत, म्हणजे हेडरच्या बरोबरीला यायला, आणखी १३ मिनिटे लागतात. शेवटच्या एका बारला सुरुवातीच्या एका बारच्या जवळजवळ तिप्पट वेळ. शिवाय रेग्युलेटर सेट पॉइंटच्या जवळ आला की आपणहून मिटू लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहूनही जास्त जातो. ६ बार गेज हवे असतील तर रेग्युलेटर ६ वर सेट करून वाट पाहत बसू नका. व्हेसलचा डिझाइन दाब आणि सेफ्टी व्हॉल्व्ह परवानगी देत असतील तर हेडर निदान १ बार वर ठेवा.

हिशोब बरोबर आहे, तरी व्हेसल सावकाश भरते. काय चुकले असेल?

बहुतेक वेळा पाइप. ओरिफिसच्या सूत्रात हेडरचा दाब ओरिफिसच्या तोंडाशी जसाच्या तसा पोचतो असे गृहीत असते. ताशी १४३ किलो प्रवाह ३० मीटर लांब १५ मिलिमीटरच्या पाइपातून नेला तर घर्षणातच १.१ ते १.२ बार जातात. तोच प्रवाह २५ मिलिमीटरच्या पाइपातून नेला तर ०.१ बारसुद्धा जात नाही. युटिलिटी स्टेशनवरून होज लावून काम चालले असेल तर होजचा आतला व्यास आणि त्याच्या कपलिंगमधले भोक मोजा. बाहेरून २५ चा दिसणारा होज कपलिंगपाशी १२ चा असू शकतो.

त्यानंतर बघायचे ते असे: रेग्युलेटरमागचा फिल्टर तुंबलेला आहे का, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो का, आणि त्याच वेळी दुसऱ्या विभागाने हेडरवरून नायट्रोजन ओढला आहे का. या तिन्हींचा छडा एका गोष्टीने लागतो: ओरिफिसच्या लगेच अलीकडे एक गेज बसवा.

भरल्यावर दाब आपोआप उतरतो. गळती आहे का?

आधी तापमान पाहा. बंद जागेत वायू कोंबला की तो तापतो. भिंतींना उष्णता गेलीच नाही असे धरले तर १ वरून ७ बार निरपेक्षला जाताना वायू १२४ अंशांपर्यंत चढेल. प्रत्यक्षात पोलादी भिंती बरीच उष्णता शोषतात आणि अर्ध्या तासाच्या भरणीत तापमान त्याहून पुष्कळ खाली राहते. तरी समजा वायू ५० अंशांवर असताना व्हॉल्व्ह बंद केला, तर २७ अंशांवर येईपर्यंत ७ बार निरपेक्षचे ६.५ होतात. अर्धा बार गेला आणि गळती शून्य.

गळती चाचणी घेताना म्हणून वायू थंड व्हायला वेळ द्या आणि दाबासोबत तापमानही नोंदवा. या दाबाला दर अंशामागे ०.०२३ बार बदलतात. सकाळी कोवळ्या उन्हात उभ्या असलेल्या उघड्यावरच्या टाकीचा दाब तासाभरात वाढतो, आणि खरी बारीक गळती त्याखाली झाकली जाते.

तापमानाचा दुसरा परिणाम मालाच्या हिशोबावर होतो. अतिशय वेगात भरले तर ६ बार चढवायला ६७ किलोऐवजी ४८ किलोच पुरतात, आणि थंड झाल्यावर दाब कमी पडतो. खरे उत्तर या दोहोंच्या मधे असते. साठ्याचा अंदाज ६७ वरच बांधा.

दाब उतरवतानाही सरासरीवर व्हेंटची लाइन काढली तर?

इथे मात्र सरासरी दगा देते. सगळ्यांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. भरताना वरचा दाब हेडरचा असतो आणि तो स्थिर असतो. सोडताना वरचा दाब व्हेसलचाच असतो आणि तो सतत घसरत असतो. त्यामुळे पहिल्या क्षणीचा प्रवाह सर्वांत मोठा आणि शेवटचा अगदी क्षीण.

तोच ६ मिलिमीटरचा ओरिफिस घ्या आणि ७ बार निरपेक्षवरून वातावरणात सोडा. सुरुवातीचा प्रवाह ताशी १३१ किलो. व्हेसलमधला एकूण वायू, म्हणजे ७८.६ किलो, भागिले हा प्रवाह केला की ३६ मिनिटे येतात. हा या व्हेसल-ओरिफिस जोडीचा कालांक. तापमान स्थिर धरले तर चोक स्थितीत दर ३६ मिनिटांनी निरपेक्ष दाब ०.३७ पट होतो. बाहेर १ बार असताना चोक स्थिती १.९ बार निरपेक्षपर्यंत टिकते, तिथवर यायला ४७ मिनिटे. तिथून ०.१ बार गेजपर्यंत आणखी २२. एकूण ७० मिनिटांच्या आसपास, आणि त्या अवधीतली सरासरी ताशी ५७ किलो. सुरुवातीचा प्रवाह सरासरीच्या २.३ पट!

हेच काम ३० मिनिटांत हवे असेल तर क्षेत्रफळ २.३ पट करावे लागेल, म्हणजे ९ मिलिमीटरचा ओरिफिस, आणि सुरुवातीचा प्रवाह ताशी ३०० किलोवर जाईल. हा प्रवाह वातावरणाच्या दाबाला १५ मिलिमीटरच्या पाइपातून नेण्याचा प्रयत्न केला तर वेग ध्वनीच्या वेगाहून जास्त निघतो. तसे होऊ शकत नाही, म्हणून पाइपच चोक होतो, मागे दाब साठतो आणि वेळेचा सगळा हिशोब कोलमडतो. २५ मिलिमीटरच्या पाइपात वेग सेकंदाला १३५ मीटर, ४० च्या पाइपात ५७ मीटर. व्हेंट हेडर, स्क्रबर, फ्लेअर, सायलेन्सर हे सगळे या पहिल्या क्षणाच्या प्रवाहावर काढायचे. स्क्रबरमधले पाणी उडून बाहेर येण्याचे प्रकार सरासरीवर विसंबल्यामुळेच घडतात.

प्रवाह सपाट ठेवायचा असेल तर दोन ओरिफिस समांतर लावा: आधी लहान उघडा, दाब ३ बारच्या खाली आला की मोठा. बऱ्याच प्लांटना एवढे पुरते. कंट्रोल व्हॉल्व्हची गरज पडत नाही.

दाब उतरवताना व्हेसल किती थंड होते?

भिंतीकडून उष्णता मिळालीच नाही तर ७ वरून १ बारवर येताना नायट्रोजन ३०० केल्विनवरून १७२ वर, म्हणजे उणे १०१ अंशांवर जाईल. हे टोकाचे उत्तर आहे. ७० मिनिटांच्या संथ उतारात वायू भिंतीच्या तापमानाच्या जवळपास राहतो. पण दोन-तीन मिनिटांत सोडले तर तो खरोखर खूप थंड होतो आणि पहिला फटका नोझल आणि व्हेंट लाइनला बसतो. साध्या कार्बन स्टीलच्या पाइपिंगसाठी उणे २९ अंश ही नेहमीची खालची मर्यादा. तुमच्या व्हेसलच्या नेमप्लेटवर किमान तापमान लिहिलेले असते, ते बघा.

वेगाने सोडल्याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. व्हॉल्व्ह बंद केल्यावर थंड वायू भिंतीमुळे पुन्हा तापतो आणि दाब परत वर येतो. शून्य दाखवणारा गेज पाच मिनिटांनी ०.२ दाखवतो तो यामुळेच.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट वेगळी. व्हॉल्व्हमधून जाताना तो दर बारमागे एका अंशाहून जास्त थंड होतो आणि ५.२ बार निरपेक्षच्या खाली त्याचा द्रव राहूच शकत नाही, थेट बर्फ होतो. तो लाइनमध्ये अडकतो, दाब संपला असे वाटते आणि मग अचानक सुटतो. हायड्रोजन याच्या उलट: नेहमीच्या तापमानाला व्हॉल्व्हमधून जाताना किंचित तापतो.

दुसरा वायू असेल तर नायट्रोजनचे आकडे कसे बदलायचे?

कालांकाला (रेणुभार ÷ २८) च्या वर्गमुळाने गुणा. हायड्रोजनसाठी ते ०.२७ येते: जो ओरिफिस नायट्रोजनला ७० मिनिटे घेतो तोच हायड्रोजनला १९ मिनिटे घेतो. हायड्रोजिनेशनच्या रिअ‍ॅक्टरवर नायट्रोजनच्या अनुभवाने व्हॉल्व्ह उघडणे म्हणून धोक्याचे. घनमीटरमध्ये प्रवाह जवळजवळ चौपट होतो.

हेडर नाही, सिलिंडरवर काम करायचे आहे. किती मागवू?

नेहमीचा ७ घनमीटरचा सिलिंडर, १५० बारचा, व्हेसल ६ बारला असताना पूर्ण रिकामा होत नाही. धरा साडेसहा घनमीटर उपयोगी. ५४ नॉर्मल घनमीटरसाठी आठ पुरत नाहीत. नऊ लागतात, दहा ठेवा. एकाच सिलिंडरमधून जोरात ओढल्यास तो स्वतः थंड पडतो आणि दाब लवकर बसतो, म्हणून तीन-चार मॅनिफोल्डला एकत्र जोडा.

ऑक्सिजन काढायला दाब चढव-उतर करतो. जास्त दाब दिला तर लवकर होईल का?

फेऱ्या कमी लागतात, नायट्रोजन जास्त जातो. प्रत्येक फेरीत ऑक्सिजन निरपेक्ष दाबांच्या गुणोत्तराने घटतो. १ वरून ३ बार निरपेक्षच्या तीन फेऱ्या: २०.९ ÷ २७ = ०.७७ टक्के, नायट्रोजन ३ × २० = ६० घनमीटर. १ वरून ७ च्या दोन फेऱ्या: ०.४३ टक्के, नायट्रोजन १२० घनमीटर. १ टक्क्याच्या खाली जाण्यासाठी पहिला मार्ग निम्म्या खर्चात होतो. प्रत्येक फेरीत वायू पूर्ण मिसळला हे यात गृहीत आहे. लांब नोझल, बंद डिप पाइप, गेजची इम्पल्स लाइन यांत जुनी हवा कोंडून राहते. त्या वेगळ्या उघडून धुवा आणि ऑक्सिजन मीटरने खात्री करा.

सेफ्टी व्हॉल्व्ह कोणत्या प्रवाहासाठी?

रेग्युलेटर पूर्ण उघडा अडकला तर जितका येईल तितक्यासाठी. सीव्ही ४ चा रेग्युलेटर ८ बार निरपेक्षवर ताशी साधारण ४६० किलो सोडू शकतो, आपल्या गरजेच्या तिप्पट. त्याच लाइनवर ६ मिलिमीटरचा ओरिफिस असेल तर कमाल १५० किलोवर बांधली जाते. म्हणून ओरिफिस हा सुरक्षेचा भाग समजा: तो काढला, मोठा केला किंवा बायपास टाकला की सेफ्टी व्हॉल्व्हचा हिशोब पुन्हा झालाच पाहिजे. ओरिफिस प्लेटच्या शेपटीवर भोकाचा व्यास कोरलेला असावा आणि तो ड्रॉइंगशी जुळावा.

आगीत सापडलेल्या हायड्रोकार्बन व्हेसलचा दाब तातडीने उतरवणे हा वेगळा विषय. त्यासाठी एपीआय ५२१ या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकामधला जुना संकेत असा की साधारण २५ मिलिमीटर किंवा अधिक जाड भिंतीच्या व्हेसलचा दाब १५ मिनिटांत डिझाइन दाबाच्या निम्म्यावर यावा.

वेगाला मर्यादा काय? नुकसान कशाचे होते?

आतल्या वस्तूंचे. डेमिस्टर पॅड उचलले जातात, कॅटॅलिस्टचा थर उसळतो, फिल्टरचे एलिमेंट दबतात, रबर लायनिंग मागे शिरलेल्या वायूने फुगते, ओ-रिंग आतून फाटतात. बहुतेक उत्पादक मिनिटाला किती बार चालेल ते देतात आणि तोच आकडा शेवटचा. आपल्या व्हेसलचा ६ मिलिमीटरचा ओरिफिस भरताना मिनिटाला ०.२ बारने चढवतो, सोडताना सुरुवातीला तेवढ्याच वेगाने उतरवतो.

व्हेसलमध्ये द्रव असेल तर दोन गोष्टी बदलतात. वायूसाठी उरलेली जागाच मोजायची: १० पैकी ७ घनमीटर द्रव असेल तर नायट्रोजन फक्त ३ घनमीटरसाठी लागतो, आणि त्याच ओरिफिसने दाब तिपटीहून जास्त वेगाने चढतो. उतरवताना द्रवात विरघळलेला वायू बाहेर पडतो, फेस येतो आणि सॉल्व्हंट उकळू लागते. वरचा हिशोब मग खालची मर्यादा समजा आणि व्हेंट संथ ठेवा, नाहीतर फेस व्हेंट लाइनमध्ये शिरतो.

प्लांटवर प्रत्यक्ष प्रवाह कसा तपासू? फ्लोमीटर नाही.

व्हेसल हाच फ्लोमीटर. एका मिनिटाला किती बार बदलले ते लिहा आणि आकारमानाने गुणा. १० घनमीटर × ०.२ बार = मिनिटाला २ घनमीटर, १ बारला. ३०० केल्विनला ते ताशी १३५ किलो होतात. पाच मिनिटांची नोंद घ्या, गेज ठोकून वाचा. भरण्याच्या पहिल्या टप्प्यात हा वेग स्थिर नसेल तर प्रवाह चोक नाही, म्हणजे दाब ओरिफिसच्या आधीच कुठेतरी पडतो आहे.

गेज शून्यावर आला. मॅनहोल उघडू का?

नाही. ० ते १० बारच्या, १.६ अचूकतेच्या गेजची चूक ०.१६ बारपर्यंत असू शकते. ६०० मिलिमीटरच्या मॅनहोलवर ०.१ बार म्हणजे जवळजवळ २९० किलोचा जोर. व्हेंट उघडा ठेवा, सर्वांत खालचा ड्रेन उघडून वायू येत नाही हे पाहा, दहा मिनिटे थांबा आणि मगच बोल्ट सैल करा: बिजागरीच्या समोरचे आधी, पण एकही पूर्ण न काढता. आत नायट्रोजन आहे हे गृहीत धरूनच झाकणापासून तोंड दूर ठेवा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणीही आत डोकावूसुद्धा नये.